निरोप पोचला, पण ऐकतंय कोण? – वाचकांचे प्रश्न

या महिन्यात प्रश्नांपेक्षा रिपोर्टच जास्त आलेत. कुणी इन्सुलिनचा आकडा पाठवलाय, कुणी सीआरपीचा, एकांनी तर अख्खी फाईल स्कॅन करून धाडलीये. परत एकदा सांगते, मी डॉक्टर नाही, पेशीविज्ञान शिकवणारी बाई आहे, त्यामुळे गोळी कमी करू का जास्त करू हे मला विचारू नका. पण रिपोर्टमधल्या त्या विचित्र नावांच्या मागे शरीरात नेमकं काय चाललेलं असतं ते सांगायला मला भयंकर आवडतं. आणि गंमत म्हणजे यावेळचे जवळजवळ सगळे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतायत: एका पेशीने धाडलेला निरोप दुसरीने ऐकला का, आणि काम झाल्यावर तो थांबला का.

प्रश्न: ताई, आईची (वय ५४) फास्टिंग शुगर १२८ आली म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिनपण चेक करायला सांगितलं. मला वाटलं इन्सुलिन कमी निघेल, तर ते उलट खूपच जास्त निघालं. इन्सुलिन एवढं आहे तर शुगर का वाढतेय? आणि आई जाडपण नाहीये हो. – एक वाचक, सांगली

उत्तर: इन्सुलिन साखर जाळतं असं आपण बोलताना सर्रास म्हणतो, पण इन्सुलिन स्वतः साखरेला हातसुद्धा लावत नाही. ते ५१ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन आहे, स्वादुपिंडातून रक्तात येतं आणि निरोप देतं, बास. निरोप द्यायला त्याला पेशीच्या आतही जावं लागत नाही. स्नायूच्या पेशीवर इन्सुलिनचा रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारा असतो, तेही एक प्रथिनच, थोडं बाहेर आणि थोडं आत असं आरपार बसलेलं. बाहेरून इन्सुलिन चिकटलं की आतल्या बाजूला हा रिसेप्टर आधी स्वतःवर फॉस्फेट लावून घेतो, मग आयआरएस नावाच्या प्रथिनावर लावतो, त्यावरून पुढची पीआय-थ्री-कायनेज, तिच्यावरून एकेटी, असं करत करत निरोप आत जातो. पंगतीत टोकाला बसलेल्या आजोबांनी "वरण!" म्हटलं की जवळचा वाढपी ओरडतो, त्याचं ऐकून पुढचा ओरडतो आणि शेवटी पार मांडवाच्या मागून वरणाची बादली हलते ना, डिट्टो तसंच. इथली बादली म्हणजे ग्लुट-फोर नावाचं प्रथिन, ते एरवी पेशीच्या आत छोट्या छोट्या पिशव्यांमध्ये पडून असतं, निरोप आला की पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि मग त्याच्यातून रक्तातली साखर आत शिरते.

आता तुमच्या आईच्या बाबतीत आजोबा ओरडतायत, आधीपेक्षा जोरात ओरडतायत, पण मधले वाढपी ढिम्म. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. असं का होतं याचं पूर्ण उत्तर एका ओळीत बसणारं नाही, पण एक मोठं कारण असं की स्नायूत आणि यकृतात, जिथे चरबी साठायला नको, तिथे ती साठायला लागते, आणि त्या चरबीतले काही घटक याच साखळीतल्या प्रथिनांवर चुकीच्या जागी फॉस्फेट बसवायला भाग पाडतात. फॉस्फेट तेच, पण जागा चुकली की निरोप पुढे जायच्या ऐवजी तिथेच अडतो. त्यात फुगलेल्या चरबीपेशींच्या आसपास टीएनएफसारखे सूज वाढवणारे रेणू तयार होतात, ते आणखी खोडा घालतात. स्वादुपिंडाला यातलं काही कळत नाही, त्याला एवढंच कळतं की साखर खाली येत नाहीये, म्हणून ते आणखी इन्सुलिन सोडतं. काही वर्षं हे निभतं, शुगर नॉर्मल येते आणि आपण खूश असतो. मग स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी थकायला लागतात आणि आकडा वर येतो.

सकाळची उपाशीपोटीची शुगर का वाढते, रात्रभर तर काही खाल्लेलं नसतं, हाही प्रश्न पुष्कळ जण विचारतात. त्याचं उत्तर यकृतात आहे. रात्री यकृत थोडी थोडी साखर तयार करून रक्तात सोडत असतं, मेंदूला लागते म्हणून, आणि "आता पुरे" हे त्याला इन्सुलिन सांगतं. यकृताने ते ऐकलं नाही की ते सोडतच राहतं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी मुख्यतः इथेच काम करते. आणि आईच्या चिठ्ठीवर ग्लिप्टिनने संपणारं नाव असेल तर ते वेगळ्या निरोपाचं औषध आहे: जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-वन नावाचं हार्मोन येतं, ते स्वादुपिंडाला सांगतं की साखर येतेय, तयारीत रहा, पण डीपीपी-फोर नावाचं एन्झाइम त्याला दोनेक मिनिटांत तोडून टाकतं, तर ग्लिप्टिन त्या तोडणाऱ्याला अडवतं. सध्या ज्या आठवड्याच्या इंजेक्शनांची सगळीकडे चर्चा आहे त्यातलं सेमाग्लुटाइड म्हणजे तोच जीएलपी-वन, फक्त असा बदललेला की तो दोन मिनिटांत न तुटता आठवडाभर टिकतो. निरोप तोच आहे, टिकतो किती वेळ तेवढंच बदललं, आणि औषधांचं अख्खं मार्केट हललं.

"आई जाड नाहीये" याबद्दल. आपल्याकडे हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो जगापुढे नीट मांडला तो पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. २००४ साली त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एक छोटासा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, सोबत दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे वजनकाट्यावर दोघं सारखेच सडपातळ. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांमधल्या बाळांवरही त्यांनी अनेक वर्षं काम केलंय, तिथली बाळं जन्माला येताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांमध्ये कमी पडतात ते स्नायू, चरबी नाही. त्यामुळे जाड नाही म्हणजे सुटलो हे आपल्या लोकांना लागू होत नाही, कमरेचा घेर मोजा.

एक चांगली बातमी आहे. ग्लुट-फोरला वर आणायचा दुसरा रस्तापण असतो आणि त्याला इन्सुलिन लागतच नाही. स्नायू आकुंचन पावला की आत कॅल्शियम वाढतं, एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ग्लुट-फोर वर येतं, वरची सगळी अडलेली साखळी बाजूला ठेवून. शिवाय व्यायामानंतर काही तास, कधी दिवसभरसुद्धा, स्नायू इन्सुलिनचंही जास्त ऐकतो. म्हणून जेवणानंतर चालायला सांगतात, उगीच नाही.

आणि हे सगळं टाइप टू मधुमेहाबद्दल, लहानपणी होणाऱ्या टाइप वनमध्ये निरोप देणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, तिथे ऐकणारे शाबूत असतात. म्हणूनच जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला बाहेरून इन्सुलिन दिलं, आणि त्याच महिन्यात दिलेल्या जास्त शुद्ध केलेल्या डोसने मरणाच्या दारातला तो मुलगा उठून बसला.

प्रश्न: कोलॅजेन पावडर घेतली तर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात का? मैत्रीण दर महिन्याला बरेच पैसे घालवते. – वाचक, डोंबिवली

उत्तर: कोलॅजेन हे प्रथिन. पोटात गेलं की प्रथिनाचे तुकडे होतात, बहुतेक सुटी अमिनो आम्लं आणि थोडे दोन-तीन जोडलेले तुकडे. ही अमिनो आम्लं म्हणजे शरीराचा सामायिक साठा, त्यातलं कुठलं गालाला जाईल आणि कुठलं गुडघ्याला हे पावडरच्या डब्यावर लिहून ठरत नाही. त्वचेतल्या पेशीने कोलॅजेन किती बनवायचं हे ती तिला मिळणाऱ्या निरोपांवरून ठरवते, त्यात टीजीएफ-बीटा नावाचा एक मोठा निरोप्या आहे, आणि ऊन लागलं की नेमका त्याचाच मार्ग मंदावतो, वर कोलॅजेन तोडणारी एन्झाइम्स वाढतात. मैत्रिणीला म्हणावं उन्हात स्कार्फ बांध, सनस्क्रीन लाव, आणि उरलेल्या पैशांचं काय करायचं ते आपण दोघी बघू.

प्रश्न: मॅडम, मी लातूरला नीटची तयारी करतोय. जीपीसीआर, जी प्रोटीन, सीएएमपी, सेकंड मेसेंजर हे सगळं पाठ आहे, एमसीक्यूपण बरोबर येतात, पण हे खरंच कुठे होतं का नुसतं पुस्तकात आहे? – बारावीचा विद्यार्थी

उत्तर: तुझा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरसावून बसले बघ. तुझ्या पणजीला विचारता आलं असतं तर तिने सांगितलं असतं कुठे होतं ते. पटकी म्हणजे कॉलरा. आपल्याकडे गावोगाव मरीआईची देवळं आहेत ना, ती याच आजाराची देवी. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जायचा, नुसता जुलाबांनी, तांदळाच्या धुवणासारखं पाणी, जोरात आजार असेल तर तासाला लिटरभर.

आता तुझ्या पुस्तकातलं लाव. जी प्रोटीन म्हणजे पेशीवरच्या रिसेप्टरचा निरोप आत पोचवणारं प्रथिन, ते चालू होतं जीटीपी नावाचा छोटा रेणू पकडून, आणि बंद होतं ते स्वतःच त्या जीटीपीचं जीडीपी करून, म्हणजे थांबायची सोय त्याच्यातच बसवलेली आहे. कॉलऱ्याच्या जंतूचं विष आतड्याच्या पेशीत शिरतं आणि या जी प्रोटीनवर एक रासायनिक शेपटी चिकटवून देतं, एडीपी-रायबोज. बास, आता त्याला जीटीपी तोडता येत नाही, ते चालूच राहतं. ते चालू म्हणून अॅडेनिलिल सायक्लेज हे सीएएमपी बनवणारं एन्झाइम चालू, म्हणून सीएएमपी, म्हणजे आतल्या आत निरोप पसरवणारा तुझा सेकंड मेसेंजर, भसाभस वाढतं, त्याने पीकेए नावाचं एन्झाइम जागं होतं, ते सीएफटीआर नावाचं क्लोराइडचं दार उघडतं आणि क्लोराइड बाहेर, त्याच्यामागे सोडियम, त्याच्यामागे पाणी. लक्षात घे, जंतूने आतड्याला जखम केलेली नाही, पेशी मेलेली नाही, तो आत घुसूनही बसलेला नाही. पेशी अगदी नियमाप्रमाणे आपलं काम करतेय, फक्त तिला मिळालेला निरोप थांबत नाहीये.

हे विष वेगळं काढून दाखवलं कलकत्त्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी, १९५९ साली. जंतू गाळून टाकले, उरलेलं निव्वळ पाणी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडलं आणि तो तुकडा पाण्याने फुगला. साधनं साधीच पण डोकं किती स्वच्छ! त्यांना हयातीत म्हणावा तसा मान मिळाला नाही याचं मला अजून वाईट वाटतं, जोशुआ लेडरबर्गसारख्या नोबेल मिळालेल्या माणसाने त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं आणि आपल्या पोरांना त्यांचं नावही माहीत नसतं.

आणि आता खरी मजा. सीएएमपीचा शोध लावणाऱ्या अर्ल सदरलँडला १९७१ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी, बांगलादेश युद्धात निर्वासितांचे लोंढे येत होते तेव्हा, बोनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याकडची सलाइन संपत आली. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांमध्ये भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पेशंटला पाजायला सांगितलं. आधी जिथे शंभरातले तीसेक मरत होते तिथे हे प्रमाण साडेतीनाच्या आसपास आलं. का चाललं हे? कारण आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज दोघांना एकदम हात धरून आत आणणारं एक वेगळं प्रथिन असतं, एसजीएलटी-वन, आणि कॉलऱ्याच्या विषाने त्याला काही होत नाही. म्हणजे एक दार उघडं अडकलंय ते बंद करता येत नाही, ठीक आहे, दुसऱ्या दाराने पाणी आत घ्या. साखर तिथे ताकद यावी म्हणून नाही घालत, सोडियमला आत न्यायला घालतात. हल्लीच्या ओआरएसमध्ये दोघांचं प्रमाण म्हणूनच सारखं ठेवलेलं असतं, लिटरला ७५ मिलिमोल ग्लुकोज आणि ७५ मिलिमोल सोडियम. हा एमसीक्यू येऊ शकतो, लिहून ठेव. आणि जुलाब झाल्यावर टेट्रापॅकमधलं गोडमिट्ट फळांचं पेय ओआरएस म्हणून पिऊ नकोस, जास्त साखरेने उलट पाणी आतड्यात ओढलं जातं.

प्रश्न: मुलाला ताप आला तेव्हा सीआरपी ६२ आला, चार दिवसांनी १४. सीआरपी म्हणजे विष आहे का? तो कमी करायला आणि इम्युनिटी वाढवायला काय द्यावं? – एक आई, नाशिक

उत्तर: सीआरपी विषबिष काही नाही. ते यकृतात तयार होणारं प्रथिन आहे, १९३० साली न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं. जंतूंवर आणि मेलेल्या पेशींवर जाऊन चिकटतं म्हणजे सफाईवाल्या पेशींना ते ओळखू येतात. कुठेतरी सूज आली, संसर्ग झाला की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-सिक्स (आयएल-सिक्स) नावाचा रेणू सोडतात, तो यकृताला जाऊन सांगतो, यकृत सीआरपी बनवतं. हेच इंटरल्युकिन आणि त्याचे भाऊबंद मेंदूपर्यंत वर्दी देतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि ताप चढतो. पॅरासिटामॉल त्या प्रोस्टाग्लँडिनवर काम करतं, म्हणून ताप उतरतो पण सीआरपी तसाच राहू शकतो, घाबरू नका. रक्तातला सीआरपी साधारण १९ तासांत निम्मा होतो, त्यामुळे नवीन बनायचा थांबला की झपाझप खाली येतो. ६२ वरून १४ याचा अर्थ निरोप बंद होत आलाय, चांगलं चाललंय. फक्त एक बघा, दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का. काही ठिकाणी तो लिटरला मिलिग्रॅम देतात, काही ठिकाणी डेसिलिटरला, आणि दोन्हीत दहापटीचा फरक आहे, त्यावरून घरोघर उगाच रडारड झालेली मी पाहिलीये.

आता ते इम्युनिटी वाढवणं. या शब्दावर माझा राग आहे, आधीच सांगते. इम्युनिटी म्हणजे एक टाकी नाही की भरली की झालं. कोविडमध्ये कितीतरी लोक विषाणूपेक्षा स्वतःच्या शरीराच्या न थांबणाऱ्या प्रतिसादाने गेले, आयएल-सिक्सचा आकडा बघून टोसिलिझुमॅबसाठी नातेवाईक रात्र रात्र फिरत होते ते आठवत असेल. ते औषध आयएल-सिक्सच्या रिसेप्टरवर बसून निरोप ऐकूच येऊ देत नाही, म्हणजे इम्युनिटी कमीच करतं! डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचंही तेच. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत जून २०२० मध्ये दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू त्याने साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना काही फायदा नाही, नुकसानीचीच शक्यता जास्त. औषध एकच, फरक फक्त कधी दिलं याचा. आपल्याकडे पहिल्याच दिवशी घरी बसून स्टिरॉइड घेणारे होते, त्यात शुगर वाढलेली, आणि मग म्युकरमायकोसिस म्हणजे काळी बुरशी, ते दिवस नकोच आठवायला.

आणि आयएल-सिक्स वाईट असंही नाही हं. व्यायाम करताना आपल्याच स्नायूंमधून तो बाहेर पडतो, तासाभराने खाली येतो, आणि तो तसा आलेला चांगलाच असतो. तोच रेणू महिनोन्महिने सांध्यात ठाण मांडून बसला की आमवात म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस. तर मुलाला काढा, गोळ्या, बूस्टर असलं काही देऊ नका. राहिलेल्या लसी द्या, झोप पुरी होऊ दे, आणि तो खेळायला लागला असेल तर परत सीआरपी करायलापण नेऊ नका, डॉक्टरांनी सांगितलं तरच.

प्रश्न: माझ्या भावाला (३८) चार वर्षांपूर्वी सीएमएल म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला. आम्हाला वाटलं आता केमो, केस जाणार, सगळं संपलं. पण रोज एक इमॅटिनिबची गोळी आणि तो ऑफिसला जातो. आता पीसीआर निगेटिव्ह आलाय तर तो म्हणतो गोळी सोडतो. सोडू दे का? आणि त्याच्या मुलीला हा होईल का? – बहीण, अमरावती

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते म्हणजे जीव भांड्यात पडेल: नाही, हा बिघाड आईबापांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही, तो भावाच्या अस्थिमज्जेतल्या एका पेशीत त्याच्या हयातीत झाला.

झालं काय तर ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटले आणि अदलाबदल होऊन जोडले गेले. हे आखूड झालेलं २२ नंबरचं गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फियात दिसलं म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात, आणि ती अदलाबदल आहे हे शिकागोच्या जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये ओळखलं. जोडाजोडीत दोन जनुकं एकमेकांना चिकटली, बीसीआर आणि एबीएल, आणि त्यातून एक असं प्रथिन बनलं जे निसर्गात एरवी असतच नाही. एबीएल ही एक कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट लावणारी, ती एरवी गरज असली की चालू आणि नसली की बंद. बीसीआर चिकटल्यावर ती कायमची चालू. पांढऱ्या पेशीला अहोरात्र एकच ऐकू येतं, वाढ, वाढ, वाढ.

इमॅटिनिब काय करतं, कायनेजला फॉस्फेट मिळतं ते एटीपी नावाच्या रेणूकडून, आणि एटीपी बसायची जी खाच असते तिथे हे जाऊन बसतं. एटीपीला जागा नाही, फॉस्फेट नाही, निरोप बंद. केमो वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना झोडपतं, केसांच्या, आतड्याच्या, म्हणून ते हाल. ही गोळी एका बिघडलेल्या प्रथिनाला धरते. अगदी फक्त त्यालाच असं नाही, आणखी एक-दोन कायनेज तिच्या तावडीत सापडतात, त्याचा फायदा असा की जीआयएसटी नावाच्या पोटातल्या गाठीवरपण हीच चालते. डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे येणं, हे भावालाही होत असेल. निकोलस लायडन आणि ब्रायन ड्रुकर ही या औषधामागची मोठी नावं, मे २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि ज्या आजारात लोक थोड्या वर्षांत जायचे तिथे गोळी सुरू केलेले दहा वर्षांनी ८३ टक्के हयात होते.

आपल्याकडे ही गोळी परवडते त्यामागे एक कोर्टकेसपण आहे. तेव्हा मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर होती, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत. पेटंट मिळालं असतं तर स्वस्तातली बंद. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं, पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) खाली, कारण माहीत असलेल्याच रेणूचं नवं स्फटिकरूप उपचार म्हणून जास्त गुणकारी आहे हे दाखवता आलं नाही. मला विचाराल तर बरोबर केलं.

आता गोळी सोडायचं. पीसीआर म्हणजे रक्तात बीसीआर-एबीएल शोधणारी चाचणी, ती निगेटिव्ह म्हणजे बीसीआर-एबीएल शून्य असं नाही, मशीनला दिसेल त्याच्या खाली गेलंय एवढाच त्याचा अर्थ. गोळी निरोप अडवते, पण ज्या मूळपेशीत ती अदलाबदल झाली त्यातल्या काही कोपऱ्यात निवांत पडून राहू शकतात, कारण त्या या निरोपावर तेवढ्या अवलंबून नसतात. फ्रान्समध्ये ज्यांचा रिपोर्ट निदान दोन वर्षं सलग पूर्ण निगेटिव्ह होता अशांची गोळी ठरवून थांबवली, तर वर्षभराने त्यातले साधारण ४० टक्केच गोळीशिवाय टिकले. बाकीच्यांचा आजार परत वर आला, पण वेळेत पकडल्यामुळे गोळी सुरू केल्यावर बहुतेकांचा पुन्हा खाली गेला. म्हणजे सोडता येते, पण डॉक्टरांच्या नजरेखाली, खोल रेमिशन, म्हणजे आजार पार दबलेला असणं, पुरेसं लांब असेल तर, आणि सुरुवातीला अगदी महिन्या-महिन्याला पीसीआर करायची तयारी आणि ऐपत असेल तर. भावाचा एकच रिपोर्ट निगेटिव्ह आलाय ना? मग आत्ता नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट सोडणं, आठवड्यात चार दिवस घेतली, लग्नाला गेलो तर नाही घेतली. औषध कमी पडलं की आजार डोकं वर काढतो, आणि वाढत्या पेशींमध्ये एखादीत ती खाच बदललेली असू शकते. त्यातला एक बदल कुप्रसिद्ध आहे, टी-३१५-आय, ३१५ व्या जागी थ्रिओनिनच्या ऐवजी आयसोल्युसिन. तेवढ्याने इमॅटिनिब तिथे बसतच नाही आणि नंतरच्या पिढीतली डॅसॅटिनिब, निलोटिनिबपण नाही. पोनॅटिनिब आणि अॅसिमिनिब चालतात, पण त्यांची किंमत ऐकून घ्या आणि भावालाही ऐकवा.

प्रश्न: वय ६१. खिशात सॉर्बिट्रेट असते, जिभेखाली ठेवायची. एका मित्राने "ती" निळी गोळी आणून दिली आहे. केमिस्टने सॉर्बिट्रेटचं ऐकून द्यायला नकार दिला होता. दोन्हीचा काय संबंध? नाव छापू नये. – ठाणे

उत्तर: केमिस्टचे आभार माना. सॉर्बिट्रेट ही हृदयाच्या दुखण्यावरची गोळी, तिच्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, हा चक्क एक वायू, काही सेकंदच टिकतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी एरवी हाच वायू सोडून शेजारच्या स्नायूला सैल हो म्हणून सांगतात. वायूसुद्धा निरोप्या असू शकतो हे आधी कुणाला पटत नव्हतं, पुढे १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना त्यावर नोबेल मिळालं. आणि ज्यांच्या नावाचं ते बक्षीस त्या आल्फ्रेड नोबेलना म्हातारपणी हृदयासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं होतं, म्हणजे त्यांच्याच डायनामाइटमधला माल, त्यांनाही त्याची गंमत वाटली होती.

हा वायू स्नायूत सीजीएमपी नावाचा रेणू वाढवतो, त्याने वाहिनी सैल पडते, हृदयावरचा भार उतरतो. काम झालं की पीडीई-फाइव्ह नावाचं एन्झाइम सीजीएमपी तोडून निरोप थांबवतं. निळी गोळी म्हणजे सिल्डेनाफिल (व्हायग्रा), ती नेमकी या थांबवणाऱ्यालाच अडवते. मग एकीकडून निरोप वाढवायचा, दुसरीकडून थांबवणारा काढून घ्यायचा, तर बीपी इतकं खाली येऊ शकतं की माणूस जागच्या जागी जातो. सिल्डेनाफिल घेतल्यापासून निदान २४ तास आणि तिच्याच जातीची टॅडालाफिल असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही, आणि ज्याला सॉर्बिट्रेट कधीही लागू शकते त्याने ती निळी गोळी घ्यायचीच नसते, मित्राला परत करा. तुमच्या अडचणीवर दुसरे उपाय आहेत, कार्डिऑलॉजिस्टना सरळ विचारा, त्यांना हा प्रश्न रोज येतो. आणि समजा कधी ती घेतलेली असताना छातीत दुखायला लागलं, तर सॉर्बिट्रेट जिभेखाली न ठेवता लगेच हॉस्पिटल गाठा आणि कुठली गोळी किती वाजता घेतली ते पहिल्या डॉक्टरला सांगा, शेजारी सूनबाई उभी असली तरी.